उतारवयात पहिल्यांदा मालिश करून घ्यायची आहे, पण संकोच वाटतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळच्या फेऱ्या झाल्या की आम्ही सात-आठ जणी बाकावर टेकतो. दोन वर्षांपूर्वी तिथे मी सहज बोलून गेले, की मी मालिश करून घ्यायला जाते. सगळ्या एकदम गप्प झाल्या. नंतर मात्र एकेक जण बाजूला घेऊन विचारायला लागली. मग कुणाचे यजमान, कुणाचा थोरला भाऊ, कुणाची विहीण फोन करू लागली. प्रश्न तेच आणि आवाजही तसाच दबका. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. बत्तीस वर्षं फळ्यावर लिहून उजवा खांदा धरलेली आणि सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा मालिशच्या टेबलावर झोपलेली निवृत्त शिक्षिका आहे. आजारांबद्दल खाली जे लिहिलं आहे ते माझ्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना विचारून घेतलेलं आहे.

आयुष्यात कधी मालिश केली नाही. आता सत्तरीत हे कशाला सुरू करायचं?

कधीच केली नाही, असं आपण म्हणतो खरं, पण जरा मागे जाऊन आठवा. तेल लावणारी बाई पाय लांब करून बसायची, नडग्यांवर आपल्याला पालथं घालायची आणि मानेपासून टाचेपर्यंत तेल जिरवायची. आपल्यापैकी बहुतेकांचं आयुष्य तिथूनच सुरू झालं आहे. बायकांच्या वाट्याला ते बाळंतपणात पुन्हा येतं. माझ्या पहिल्या वेळी जुन्या नाशकातल्या माहेरच्या वाड्यात सव्वा महिना रोज सकाळी एक मावशी यायच्या. मला पाटावर बसवायच्या, कंबर आणि पाठ रगडायच्या, मग कढत पाणी, मग शेक आणि बाळंतशेपांची धुरी. बावीस वर्षांची होते. लाज वाटली नाही, कारण ते औषधाइतकंच गरजेचं आहे असं घरात सगळे मानत होते. नरकचतुर्दशीला पहाटे पाटावर बसून आपण आजही तेल-उटणं लावून घेतो. पाडव्याला बायको नवऱ्याला तेल लावते.

म्हणजे शरीराला तेलाचा हात नवा नाही. मधली चाळीस-पन्नास वर्षं आपण इतरांना तेल लावत राहिलो, मुलांना, नातवंडांना, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना. स्वतःची पाळी आली तेव्हा ‘मला कशाला’ म्हणून बाजूला झालो. आयुर्वेदाने अभ्यंग दिनचर्येत घातला आहे, आणि त्याचे गुण सांगताना पहिला शब्द जरेचा, म्हणजे म्हातारपणाचा आहे. अभ्यंग जरा, श्रम आणि वात कमी करतो, असं त्यात म्हटलं आहे. तेव्हा सत्तरीत कशाला, तर सत्तरी आहे म्हणूनच.

कपडे काढावे लागतात का?

जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो, मग तो कुठल्याही शब्दांत विचारो. उत्तर असं की तुम्हाला नको असेल तर नाही. फक्त तळपाय आणि पोटऱ्या, फक्त डोकं आणि खांदे, फक्त हात, अशी मालिश मागता येते. साडी वा पायजमा गुडघ्यापर्यंत सरकवला की झालं. फिजिओथेरपिस्टकडे तर बहुतेक वेळा दुखरा भागच मोकळा करतात. पूर्ण अभ्यंगाला अंगावरचे कपडे उतरवतात, कमरेला कापडी पट्टी किंवा वापरून टाकायची चड्डी देतात आणि वरून चादर असते. ज्या भागावर हात चालू आहे तेवढाच भाग उघडा, बाकी झाकलेलं, ही चांगल्या ठिकाणची रीत आहे. फोनवरच विचारा, ‘अंगावर चादर ठेवता का?’ या प्रश्नाला जिथे नीट उत्तर मिळत नाही तिथे जाऊ नका.

माझं पहिल्या दिवशीचं सांगते. खोलीत एक लाकडी टेबल होतं, त्याला कडेने पन्हळ होती, तेल वाहून जायला. त्याला द्रोणी म्हणतात. मुलगी म्हणाली, ‘काकू, तुम्ही तयार व्हा, मी बाहेर थांबते, हाक मारा.’ मी साडीच्या पिना काढल्या, बांगड्या आणि गळ्यातली साखळी रुमालात बांधून पर्समध्ये ठेवली. मग तशीच उभी राहिले. पाच मिनिटं झाली असतील. बाहेरून आवाज आला, ‘काकू, आज नुसते पाय करायचे का?’ मी हो म्हटलं आणि साडी नेसूनच झोपले. तेलाची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेली होती. तिने आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून पाहिला, मग माझ्या पावलावर दोन्ही हात नुसते ठेवले आणि क्षणभर तसेच राहू दिले. तेवढ्यानेच अंग सैल पडलं. पाठीपर्यंत यायला मला चार खेपा लागल्या आणि त्या मुलीने एकदाही घाई केली नाही.

अंग सुटलं आहे, सुरकुत्या आहेत, ऑपरेशनचे व्रण आहेत. कुणासमोर कसं जायचं?

हात चालवणाऱ्या माणसाचं लक्ष स्नायू कुठे आखडला आहे याकडे असतं. दिवसाला चार-पाच जणांची अंगं त्यांच्या हाताखालून जातात, आणि तिथे येणाऱ्यांत तरुण, धडधाकट माणसं कमीच असतात. सिझेरियनचा, गर्भाशय काढल्याचा, बायपासचा किंवा गुडघा बदलल्याचा व्रण त्यांना नवा नसतो. तो आहे हे आधी सांगा, म्हणजे त्यावर दाब येणार नाही.

स्तन काढलेल्या मैत्रिणींसाठी दोन ओळी वेगळ्या. अंगावरचा ब्लाऊज किंवा बनियन तसाच ठेवून पाठ, पाय, डोकं करून घेता येतं. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज धरण्याची शक्यता असते. त्या हाताला जोराची मालिश नको, आणि आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. त्या सुजेसाठी अगदी हलक्या हाताची वेगळी पद्धत असते, ती शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडूनच करून घ्यावी.

मालिश म्हटलं की स्पावरच्या छाप्यांच्या बातम्या आठवतात. सभ्य ठिकाण कसं ओळखायचं?

ही भीती खोटी नाही, आणि तिच्यामुळेच कितीतरी सज्जन माणसं दुखणं अंगावर काढतात. मी तरी सुरुवात उपचाराच्या जागेपासून करा असं सांगते. नाशिक ही आयुर्वेदाची जुनी वस्ती आहे. पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे. गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको, नाशिकरोड, कुठेही पाहिलंत तरी बीएएमएस वैद्यांचे पंचकर्माचे दवाखाने सापडतील. हे साडेपाच वर्षांचं शिक्षण असतं, त्यातलं शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं. दारावरच्या पाटीवर नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक असावा. फिजिओथेरपिस्टची पदवी बीपीटीएच, तीही पाटीवर दिसते.

मालिशच्या आधी वैद्य तुमच्याशी दहा मिनिटं तरी बोलतात का, नाडी-रक्तदाब पाहतात का, गोळ्या विचारतात का, हे बघा. दर स्पष्ट सांगतात का? पावती देतात का? पहिल्याच दिवशी दहा-बारा बैठकांचे पैसे आगाऊ भरा म्हणून मागे लागत असतील तर नमस्कार करून निघा. जाण्याच्या आदल्या दिवशी नुसती जागा बघून या. न्हाणीघर कुठे आहे, जिना किती आहे, लिफ्ट चालते का, हे सगळं कळतं आणि निम्मी धास्ती तिथेच उतरते.

बाईच हवी, किंवा पुरुषच हवा, असं सांगितलेलं चालतं का?

अर्थात चालतं. पंचकर्माच्या दवाखान्यांत बायकांना बाई आणि पुरुषांना पुरुष हीच पद्धत असते. तरी वेळ घेतानाच विचारून ठेवा, ऐनवेळी माणूस रजेवर असतो. सोबत मुलीला, सुनेला, बहिणीला खोलीत बसवायचं असेल तर तेही सांगा.

घरात काय म्हणतील? पैसेही वाया जातात असं वाटतं.

माझ्या अनुभवात मुलं फारसं काही म्हणत नाहीत, आपणच त्यांच्या तोंडी वाक्यं घालतो. एका मैत्रिणीने तीन महिने ‘मंदिरात जाते’ असं सांगून जाणं केलं, आणि कळल्यावर सूनच म्हणाली, ‘आई, आधी सांगायचं ना, मी गाडीवर सोडलं असतं.’ पैशाचं म्हणाल तर आपण नातवाच्या वाढदिवसाला मोजत नाही. पेन्शन बेताची असेल तर फक्त पायांची किंवा फक्त पाठीची मालिश बरीच स्वस्त पडते. आणि बिनपैशाची वाटही आहे, ती खाली लिहिली आहे.

मध्येच लघवीला लागली, वायू सरला, झोप लागून घोरले तर?

तिन्ही रोजच घडतं. आधी लघवीला जाऊन या, मध्ये लागली तर सांगून उठा. थेंब थेंब होण्याचा त्रास असेल तर पॅड काढू नका. झोप लागली तर झोपा. काही पुरुषांनी फार चाचरत विचारलं, की शरीराने भलतीच प्रतिक्रिया दिली तर? नुसत्या उबेने आणि स्पर्शाने तसं होऊ शकतं, त्यात मनाचा दोष नसतो. शिकलेला माणूस त्याकडे लक्ष न देता हात दुसरीकडे नेतो आणि ते ओसरतं.

रडू आलं तर?

मला आलं होतं. पाचव्या खेपेला, पाठीवर हात फिरत असताना. दुखत काहीच नव्हतं.

आमचे हे जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. रात्री झोपताना खांद्यापाशी बाम लावून द्यायचे, बोटं जाडजूड, हात थोडा जडच. त्यांच्यानंतर माझ्या पाठीला कुणाचाच हात लागला नव्हता, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. एकट्या राहणाऱ्या माणसाला स्पर्श किती थोडा मिळतो, हे त्याचं त्यालाही मोजता येत नाही. पाया पडणारी मुलं, रिक्षावाल्याने सुटे देताना लागलेली बोटं, डॉक्टरांचा स्टेथोस्कोप, एवढंच.

पुढे वाचताना कळलं, की आपल्या त्वचेत खास सावकाश स्पर्शासाठी वेगळे मज्जातंतू असतात. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर या वेगाने फिरणाऱ्या हाताला ते सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. बाळाला कुरवाळणारी आई साधारण त्याच वेगाने हात फिरवते. मला हे कळल्यावर फार बरं वाटलं. ते रडू माझ्या दुबळेपणाचं नव्हतं. त्या मुलीने काही विचारलं नाही, तोंडाखालचा नॅपकिन तेवढा बदलला आणि हात चालू ठेवला. तुम्हाला थांबायचं असेल तर ‘थांब’ एवढंच म्हणा.

कुणी मालिश करू नये? डॉक्टरांना काय विचारावं?

इथे थोडं कडक बोलते, कारण मी स्वतः चुकले आहे. पायांची गोडी लागल्यावर मी घराजवळच्या दुसऱ्या एका ठिकाणी गेले. तिथे कुणी काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, की स्टेंट घातल्यापासून रक्त पातळ राहण्याची गोळी चालू आहे. तिथल्या मुलीने मांडीवर कोपराने जोर दिला. मला दुखत होतं, पण ‘असंच असेल’ म्हणून दात दाबून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी मांडीवर तळहाताएवढे काळेनिळे डाग. डॉक्टर रागावले आणि म्हणाले, अशा गोळ्या घेणाऱ्यांना दाब हलकाच हवा. तेव्हापासून गोळ्यांची चिठ्ठी पर्समध्ये असते आणि ती मी आधी हातात देते. दुखलं की बोलायचं. सोसणं इथे उपयोगाचं नाही.

ताप असताना, पोट बिघडलेलं असताना, अंगावर जखम, नागीण किंवा पसरणारा त्वचारोग असताना मालिश नको. एकाच पोटरीला सूज आली आहे, ती दुखते, गरम लागते, असं असेल तर तिला कुणाला चोळू देऊ नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. फुगलेल्या निळ्या शिरांवर थेट दाब नको. हाडं ठिसूळ झाली असतील तर पाठीवर आणि फासळ्यांवर जोर नको, आणि पाठीवर पाय देणं तर मुळीच नको. मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तर तेल जास्त गरम आहे हे तुम्हाला कळणारच नाही, म्हणून ते दुसऱ्याने तपासायचं. रक्तदाब आटोक्यात नसेल, हृदयाचा त्रास असेल तर मालिशनंतरची वाफेची पेटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पेसमेकर असेल तर थरथरणारी किंवा विजेची यंत्रं जवळ आणू देऊ नका. नुकतंच ऑपरेशन किंवा हाड मोडलेलं असेल तर सर्जन हो म्हणेपर्यंत थांबा. आणि तीळ, शेंगदाणा कशाचीही ॲलर्जी असेल तर तेलाचं नाव आधी विचारा.

आमचे हे सलूनमध्ये डोक्याची चंपी करून घेतात, ते चालेल ना?

चंपी खुशाल करून घ्या. पण शेवटी हनुवटी धरून मान कडकन मोडतात, ते करू देऊ नका. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात, झटक्याने त्यांना इजा होऊ शकते आणि त्यातून पक्षाघातही होऊ शकतो. खुर्चीत बसतानाच सांगावं, ‘मानेला हात लावू नकोस.’ केस धुताना मान मागे टाकून फार वेळ ठेवणंही या वयात बरं नाही.

गुडघेदुखी जाईल का?

झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, मालिशने भरून येत नाही. तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. गुडघ्याभोवतीचे आखडलेले स्नायू सैल होतात, काही तास किंवा काही दिवस हालचाल सोपी होते, झोप बरी लागते. त्या सोप्या झालेल्या वेळात व्यायाम करून घ्यायचा, हा माझ्या फिजिओथेरपिस्टचा आग्रह, आणि मला तो पटला. माझा खांदा आज वरच्या फळीवरचा डबा काढण्याइतका उठतो, त्यात मालिशपेक्षा रोजच्या व्यायामाचा वाटा मोठा आहे. मालिश नसती तर व्यायाम मी सोडून दिला असता, हेही तितकंच खरं. ‘शरीरातली विषं बाहेर पडतात’ असंही ऐकाल. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात.

एकदम बाहेर जायचं धाडस होत नाही. घरी सुरुवात करता येईल?

करा, मला तर हीच वाट सर्वांत आवडते. नाशिक तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध, तेव्हा भांडी बाजारात एक चक्कर मारा आणि काशाची वाटी मागा. रात्री झोपण्याआधी तळपायाला थोडं तूप किंवा खोबरेल लावायचं आणि वाटीचा बुडाकडचा भाग गोल गोल फिरवायचा, प्रत्येक पायाला दहा मिनिटं. तळवा आणि वाटी काळपट होतात. लोक म्हणतात उष्णता निघाली, पण तो काळेपणा धातूचा असतो, धुतला की जातो. स्वतः वाकता येत नसेल तर घरच्यांना सांगा. दुसऱ्याच्या हातात आपला पाय द्यायची सवय इथूनच लागते, आणि खरा संकोच तिथेच अडलेला असतो. नवरा-बायको दोघं असाल तर एकमेकांचे पाय करा. मग पायमोजे घालून झोपा.

डिसेंबर-जानेवारीत नाशकात पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा तिळाचं तेल बरं. उन्हाळ्यात खोबरेल. औषधी तेल वैद्यांना विचारून घ्या.

हात नको तिथे गेला तर?

ताडकन उठून बसा. ‘बस, मला नको’ म्हणा, चादर ओढून घ्या आणि खोलीबाहेर या. समजावत बसण्याची, पैसे पूर्ण देण्याची काही गरज नाही. आपला गैरसमज झाला असेल का, या विचारात पडून राहू नका. पोलिसांचा क्रमांक ११२. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही हेल्पलाइनही आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. आणि घरी सांगा. वयामुळे ही गोष्ट लहान होत नाही.

मालिश झाल्यावर काय सांभाळायचं?

पडण्यापासून सांभाळायचं. तेलकट पाय आणि गुळगुळीत फरशी यांनी आपल्या वयाची कितीतरी माणसं खुब्याला मुकली आहेत. टेबलावरून उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं, कारण एकदम उभं राहिल्यावर रक्तदाब उतरून भोवळ येते. तळवे टॉवेलने खसखसून पुसून घ्या, मगच चप्पल घाला. हात धरायला सांगा, त्यात कमीपणा नाही. जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत मालिश करू नका, आणि अगदी उपाशीही जाऊ नका. त्या दिवशी स्कूटर नको, रिक्षाने या.

किती दिवसांनी जावं?

ठरलेला नियम नाही, वैद्य तुमच्या प्रकृतीनुसार सांगतील. मी महिन्यातून एकदा जाते, कडाक्याच्या थंडीत दोनदा. गेल्या महिन्यात बाकावरच्या मैत्रिणींपैकी एकीला सोबत नेलं, वय त्र्याहत्तर. पदर घट्ट धरून बाहेरच्या खुर्चीत बसली होती. आतून हाक आली तेव्हा मला म्हणाली, ‘तू चल आत, पण तिकडे तोंड करून बस.’ मी भिंतीकडे तोंड करून बसले. तिने फक्त पाय करून घेतले.